समाजमंदिरातली माणसांची मशीन

मी कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवते असं सांगितलं की लोक आधी माझ्या पिशवीकडे बघतात. त्यांना वाटतं, आता यातून लॅपटॉप निघणार. निघतात ती पुठ्ठ्यावर रंगवलेली चित्रं, सुतळीचं बंडल, मूठभर चिंचोके आणि खडू. एका सरपंचांनी तर सरळ विचारलं होतं, "म्याडम, मशीन मागून येऊन राह्यली का?" मी म्हटलं, "मशीन इथंच आहे भाऊ. ती आज तुम्ही सगळ्यांनी व्हायचं आहे." ते हसले, पण खुर्ची जरा मागे सरकवूनच बसले.

जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून मी निवृत्त झाले आणि घरी बसून कंटाळले होते. तेवढ्यात चंद्रपुरातल्या एका लहानशा संस्थेने बोलावलं. खोट्या आवाजांचे, खोट्या चित्रांचे प्रकार तेव्हा गावोगावच्या फोनवर सुरू झाले होते. एका गावात शिवारात वाघ फिरत असल्याचा व्हिडिओ आला, तर बायकांनी कापूस वेचायला जाणं सोडलं. नंतर कळलं, तो वाघ कुणीतरी फोनवर बनवून घेतलेला. आमच्या जिल्ह्यात खरे वाघ काय कमी आहेत! संस्थेचं म्हणणं असं की ही वस्तू आतून कशी चालते ते माणसांना कळलं पाहिजे, आणि तेही संगणकाशिवाय, कारण जंगलातल्या गावांत लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. म्हणून आम्ही खेळ तयार केले. माणसांनीच मशीन व्हायचं, माणसांनीच तिला शिकवायचं, आणि ती कुठे चुकते ते माणसांनीच बघायचं.

चित्रं काढायला सलीमभाई होते. चंद्रपूरच्या जुन्या वस्तीतले पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकांमागची कमळं आणि मोर यांत त्यांची उमर गेली. फ्लेक्स आले तसं काम आटलं. आमच्या कामाला ते आले आणि मग कुठल्याही गावाला एसटीने माझ्याबरोबर यायचे. "चित्रं माझी आहेत, कोन कसं पकडते ते बघाले नको का," म्हणायचे.

त्यांच्या वाघांनी एकदा मोठी गंमत केली. या खेळात एक गट मशीन होतो. त्या गटाला वाघ म्हणजे काय हेच ठाऊक नाही असं धरायचं. दुसरा गट त्यांना एकेक चित्र दाखवतो आणि नुसतं "वाघ" किंवा "वाघ नाही" एवढंच सांगतो. मशीनने त्यावरून आपला नियम बांधायचा आणि मग नवीन चित्र ओळखायचं. सलीमभाईंनी सगळे वाघ गवतात रंगवले होते, आणि गाई, कुत्री, माणसं रस्त्यावर किंवा अंगणात. मशीन झालेल्या गटाने गवत बघून नियम बांधला. शेवटी गवतात चरणारी गाय दाखवली तर सगळे एका सुरात ओरडले, "वाघ!" हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मशीनही अशीच चुकते, तिला जे दाखवलं तेवढ्यातूनच ती शिकते, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही. एक म्हातारेबुवा तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "गाईले वाघ म्हणलं तं काय बिघडते बाई, पळून जाऊ. वाघाले गाय म्हणलं तं?" तेव्हापासून हा प्रश्न मी प्रत्येक गावात विचारते.

दुसरा खेळ पुढच्या शब्दाचा. सगळ्यांनी गोल बसायचं. मी एक वाक्य अर्धं सोडते: "सकाळी उठून मी घेतो..." पुढचा शब्द कुठला येईल ते ज्याने त्याने सांगायचं, मग हात वर करायचे. ज्या शब्दाला जास्त हात, तो शब्द फळ्यावर. मग त्याच्या पुढचा. असं करत करत फळ्यावर चांगलं चार-पाच ओळींचं बोलणं तयार होतं. ते कुणा एकाने म्हटलेलं नसतं, पण वाचलं की वाटतं कुणीतरी बोललं. फोनमधली बोलणारी मशीन साधारण हेच करते, फक्त फार मोठ्या प्रमाणात. चहा हा शब्द कुठे येतो ते तिला ठाऊक असतं, पण चहाची तलफ तिला कधी आलेली नसते.

हा खेळ मी कितीतरी ठिकाणी घेतला. लोक हसतात, वाह्यात शब्द सुचवतात, घरी जातात. एकाच गावात तो हसण्यावारी गेला नाही. ते गाव गोंडपिपरी तालुक्यातलं, मोठ्या तलावाच्या काठचं. गावाचं नाव लिहीत नाही आणि माणसांची नावंही बदलली आहेत, कारण ती माणसं आजही तिथेच आहेत.

गाव मासेमारी करणाऱ्यांचं. पुरुष तलावात जाळं टाकतात, बायका टोपल्यांतून मासोळी बाजाराला नेतात. मच्छीमार सोसायटीचे गणपतभाऊ या वयस्क गृहस्थांनी आम्हाला बोलावलं होतं. हिवाळ्याचे दिवस होते. समाजमंदिरात सतरंज्या घातलेल्या, बायका जास्त, पुरुष थोडे. पहिल्या दिवशी वाघांचा खेळ झाला, तसाच मासोळ्या ओळखायचा झाला, आणि दुपारनंतर पुढच्या शब्दाचा. "सकाळी उठून मी घेतो..." याला त्या गावात चहाऐवजी "जाळं" हा शब्द आला, तेव्हा मला फार बरं वाटलं. मी म्हटलं, "बघा, तुमची मशीन तुमच्या गावासारखी बोलते. ज्याचं बोलणं तिला ऐकवाल, त्याच्यासारखी ती बोलेल."

खिडकीजवळ बसलेली एक बाई दिवसभर काही बोलली नव्हती. पन्नाशीची असेल. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. तिने विचारलं, "मरन पावलेल्या मानसासारखी बी बोलंन का?"

सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या. मी सावधपणे म्हटलं, "त्याचं बोलणं कुठे साठवलेलं असेल तर तसा आवाज काढू शकते. पण तो माणूस नसतो."

"आवाज आहे," ती म्हणाली. "माझ्या विलासचा आहे. फोनात आहे."

तिच्या शेजारची तरुण मुलगी ताडकन उठली. "माय, घरी चाल," म्हणाली. बाई उठली नाही. मुलगी एकटीच चपला पायात सरकवून निघून गेली.

नंतर गणपतभाऊंनी आम्हाला सगळं सांगितलं. ती त्यांची भावजय, यमुनाबाई. भाऊ वारला तेव्हा पोरं लहान होती. तिने टोपल्या वाहून विलास आणि मंदा दोघांना वाढवलं. विलासला गणपतभाऊंनीच जाळं विणायला आणि टाकायला शिकवलं. घरचा माणूस पाण्यात उतरत असेल तरच तलावातला वाटा टिकतो, म्हणून यमुनाबाईचा सगळा जीव त्या जाळ्यात. पण पोराचं मन रमेना. एक दिवस तो माजरीकडे कोळशाच्या भागात कामाला निघून गेला. मायने सांगितलं, पाण्याला पाठ दाखवून जातो आहेस, मी तुझ्याशी बोलणार नाही. आणि खरंच बोलली नाही. तो फोन करायचा तेव्हा ही उठून अंगणात जायची. मग तो आवाज रेकॉर्ड करून मंदाच्या फोनवर पाठवू लागला. मंदा ते लावायची, माय तोंड फिरवायची. पावसाळ्यात त्याला ताप आला. मलेरिया डोक्यात चढला. खोलीवरच्या सोबत्यांनी दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता. गावात आलं ते त्याचं शरीर.

"तवापासून ते रडली नाई," गणपतभाऊ म्हणाले. "टोपली घेऊन बाजारात जाते, येते. त्याचं नावच काढत नाई. आज पयल्यांदा काढलं."

आम्ही मुक्कामाला गणपतभाऊंकडेच होतो. जेवताना सलीमभाई म्हणाले, "म्याडम, उद्या तो शब्दांचा खेळ नका घेऊ." मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यमुनाबाई सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. मांडीवर रुमालात बांधलेला मंदाचा फोन. लोक जमल्यावर तीच उठली.

"काल तुमी आमाले मशीन बनवलं," ती म्हणाली. "आज विलासची मशीन बनवा. त्याचं बोलनं ऐका आन मंग त्याच्यासारखं बोला. मले त्याले एक विचाराचं आहे."

मी म्हटलं, "यमुनाबाई, हा नुसता खेळ आहे. यातून विलास बोलणार नाही."

"मले माहीत आहे. तुमीच काल सांगितलं." ती शांत होती. "कोनी म्हनते चंद्रपुरात असा आवाज बनवून देतात. तिथी जाऊन कोन्या परक्याले काय विचारू? हे लोक तं त्याले ओळखत होते."

मी गणपतभाऊंकडे पाहिलं. ते खाली बघत होते. म्हणाले, "घ्या म्याडम. तिनं तोंड उघडलं आहे, आता बंद नका करू."

शाळेत असताना मूल प्रश्न घेऊन आलं तर त्याला परत पाठवायचं नाही हा मी जपलेला नेम. पण असा प्रश्न घेऊन माझ्यापुढे कुणी आलं नव्हतं. मी फळा पुसला आणि गोल करायला सांगितला. सलीमभाई उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले.

आधी आवाज ऐकले. मशीनला आधी ऐकवावं लागतं, शिकवावं लागतं, तसं. यमुनाबाईला फोन चालवता येत नव्हता, बाजूच्या बाईने लावून दिला. कोवळा, थोडा बसका आवाज होता.

"माय, मी विलास. जेवली का?"

"माय, इथी खोलीवर नळ आहे, पन पान्याले चव नाई. आपल्या हिरीचं पानी लई गोड आहे बरं."

"माय, इथी मासोळी भेटते ते बर्फातली. कापूस खाल्ल्यावानी लागते." आणि मग त्याचं हसणं.

"मंदे, मायले फोन दे ना. एकडाव दे."

शेवटचा फार लहान होता. "माय, अंगात ताप आहे. गोळी घेतली. उद्या होतो बरा."

बायका पदराने डोळे पुसत होत्या. यमुनाबाईचे डोळे कोरडे. तिने फोन पुन्हा रुमालात बांधला आणि गोलाच्या मधोमध येऊन बसली.

"विलास," ती म्हणाली, "जेवला का रे?"

मग गणपतभाऊंनीच हळूच म्हटलं, "जेवलो माय. तू जेवली का?" सगळे हात वर झाले. मी फळ्यावर लिहिलं.

"काय जेवला?"

"वरनभात," एक जण म्हणाला. "डब्बा येते," दुसरा म्हणाला. एक म्हातारी म्हणाली, "तुझ्या हातची चव नाई, माय." तिला सगळ्यांचे हात. मी लिहिलं. असं चार-पाच वेळा झालं. तिने विचारावं, गावाने शोधून उत्तर द्यावं. विलास कसा बोलायचा, कशावर हसायचा, कुठे "बरं" लावायचा, ते सगळ्यांच्या जिभेवर होतं. तलावाला पाणी किती आहे असं मशीननेच तिला उलट विचारलं, तेव्हा ती हसलीसुद्धा. मी फळ्यापाशी उभी होते. खोलीत खरंच कुणीतरी येऊन बसल्यासारखं झालं होतं. इतकी वर्षं मुलांना शिकवताना मी कधी घाबरले नाही. त्या क्षणी घाबरले.

मग यमुनाबाईने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले.

"विलास, मी तुझ्यासंग बोलली नाई. तुले माझा राग आला का?"

फोनातल्या आवाजांत याचं उत्तर कुठेच नव्हतं. त्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. मंदाजवळ फोन मागणं होतं, बस. लोक एकमेकांकडे बघू लागले. शेवटी ती म्हातारी म्हणाली, "नाई माय. तुझा राग कायले येईन?"

एकेक करून हात वर झाले. गणपतभाऊंचा झाला. कडेला बसलेल्या पुरुषांचे झाले. मी खडू हातात घेऊन उभी. फळ्यावर "नाही" एवढंच लिहायचं होतं, आणि माझा हात उचलेना.

यमुनाबाईने मान वळवून सगळे हात पाहिले.

"हे तुमी म्हनून राह्यले," ती म्हणाली. "चांगले लोक आहात म्हनून."

तेवढ्यात दारातून आवाज आला. "आला होता त्याले राग."

मंदा होती. केव्हा येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. आत न येता, चौकटीला हात धरून ती बोलली.

"लई राग आला होता, माय. तुले ऐकवाले पाठवलेल्या आवाजात त्यानं नाई सांगितला. मले वेगळा फोन करून सांगितला. म्हणे, माय असी कसी, मी मेलो तरी बोलनार नाई काय. म्हणे, तिले सांग, मी बी विलास आहे, तिनं फोन घेतल्याबिगर दिवाळीले घरी येत नाई." तिचा आवाज फाटला. "मी तुले सांगितलं नाई. मले वाटलं, दिवाळीपर्यंत निवळंन."

कुणीतरी "अवं मंदे, गप" म्हणालं. गणपतभाऊ उठू लागले. मला वाटलं, आता या बाईचं काय होणार.

यमुनाबाई मंदाकडे बघत होती.

"असं म्हणला?"

"हो."

"दिवाळीले येत नाई म्हणला?"

"हो माय."

"हा," ती म्हणाली. "हा विलास होय." आणि ती रडली. गोलाच्या मधोमध, जमिनीला कपाळ टेकून, मोठमोठ्याने. मंदा धावत आत आली आणि तिच्या पाठीवर पडली. वर केलेले हात लोकांनी केव्हा खाली घेतले ते मला कळलं नाही. बाहेरून सलीमभाई आले, दारापाशी उभे राहिले, आणि त्यांनी आपली चित्रं गोळा करायला घेतली.

त्या दिवशी पुढे काही शिकवणं झालं नाही. एसटीत सलीमभाई खिडकीबाहेर बघत बसले होते. गाडी बरीच पुढे आल्यावर म्हणाले, "चांगलं झालं का वाईट झालं, म्याडम?" संस्थेतल्या तरुण मुलांना मी हा प्रसंग सांगितला तेव्हा त्यांनी विचारलं, मग यातून लोक काय शिकले? शिकले असतील ते असं की सगळ्यांना बरं वाटेल असं उत्तर मशीन काढू शकते, आणि आपल्या माणसाचं उत्तर तसं नसूही शकतं. पण हे वाक्य मी त्यानंतर कुठल्याही फळ्यावर लिहिलं नाही. पुढच्या शब्दाचा खेळ मात्र घेते. सुरुवातीला सांगते, यात गेलेल्या माणसांना बोलवायचं नाही. लोकांना वाटतं, बाई भूतबाधेला भितात.

पुढच्या वर्षी पाऊस उघडल्यावर गोंडपिपरीच्या बाजारात यमुनाबाई दिसली. समोर टोपली, मासोळी ओल्या गोणपाटाने झाकलेली, शेजारी मंदा वजनकाटा धरून. मला ओळखलं. "म्याडम, बसा," म्हणाली आणि स्वतःखालचं पोतं पुढे सरकवलं. तब्येत विचारली, सलीमभाईंचं विचारलं. मग जरा वेळ गिऱ्हाईक नव्हतं. मी धीर करून विचारलं, "यमुनाबाई, त्या दिवसाचं वाईट तर नाही ना वाटत?"

तिने गोणपाटावर पाणी शिंपडलं.

"त्या दिवशी घरी गेली, आन त्याच्यासंग भांडली," ती म्हणाली. "लई भांडली. म्हणलं, दिवाळीले नाई येत म्हनते काय, मोठा आला! तुले कोनी लहानाचा मोठा केला? सारं सारं बोलली. मंदा म्हणे, माय, लोक ऐकून राह्यले. ऐकू दे म्हणलं."

तिने टोपलीभोवतीच्या माशा हाकलल्या.

"तो गेला तवापासून आमचं बोलनंच नव्हतं, म्याडम. आता रोज भांडते."

समोर गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, तशी तिने गोणपाट बाजूला सारलं.